बायबल रोज वाचतो, तरी स्वतःचं मत बनवता येत नाही. विवेक वाढवायचा कसा?

खाडीकाठ

जय ख्रिस्त मंडळी. वेंगुर्ला-मालवण पट्ट्यातला आमचा सात-आठ जणांचा युवक गट आहे. वचनं पाठ आहेत, उपासना चुकत नाही, पण खरा प्रश्न समोर आला की गाडी अडते. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, नाहीतर यूट्यूबवर शेवटचा जो उपदेशक ऐकला त्याचं. १ करिंथ १४:२० मध्ये (करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १४, वचन २०) प्रेषित पौल सांगतो की दुष्टपणात तान्ह्या बाळासारखे राहा, पण समजुतीत प्रौढ व्हा. हे प्रौढ होणं प्रत्यक्षात करतात कसं?

सध्या तीन ठिकाणी अडलोय. गणपतीत शेजारून येणारं ताट घ्यायचं की नाही, यावर गटात दोन तट आहेत. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर एका सभेतली भविष्यवाणी फिरतेय, ‘दोन महिन्यांत दार उघडेल’ अशी, आणि खाली ‘बीज पेरा’ म्हणून क्यूआर कोड. तिसरं, गटातल्या एकाला मुंबईत नोकरी मिळतेय, घरी आई एकटी, शिवाय आंब्याची कलमं. तो देवाची इच्छा कळावी म्हणून डोळे मिटून बायबल उघडतो आणि बोट ठेवतो.

‘पाळकांना विचारा’ हे उत्तर कृपया नको. ते विचारतोच. विचारायचं काय, तेच कळत नाही.

---

कातळ

बोट ठेवणं आधी थांबवा, बाकीचं मग. देवळात कौल लावतात तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की कौल लावणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. जाड पुस्तक आपसूक मध्यावर उघडतं, म्हणून बोटाखाली बहुतेक वेळा स्तोत्रं, नीतिसूत्रे नाहीतर यशया येतो. त्यात देवाचा हात शोधण्याआधी बाइंडिंगवाल्याचा हात बघा.

आता मूळ प्रश्न. इब्री ५:१४ नीट वाचा. जड अन्न प्रौढांसाठी, आणि प्रौढ कोण, तर ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना सरावाने बरं-वाईट ओळखता येतं ते. ‘सराव’साठी तिथे जे ग्रीक क्रियापद आहे, ‘गुम्नाझो’, त्याचा अर्थ कसरत करणं. आपण ‘जिम’ म्हणतो तो शब्द त्याच घराण्यातला. माहिती साठवणं वेगळं आणि इंद्रिय तयार होणं वेगळं, हे पत्र लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

मासळी बाजारात सुरमई घेणारी बाई बघा. आधी कल्ला उचलते, लाल आहे की तपकिरी पडलाय ते पाहते. मग डोळा, फुगीर की आत गेलेला. मग पोटावर अंगठा दाबते, खळगा राहतो का. चार सेकंदांचं काम. बर्फातला चार दिवसांचा मासा तिच्या गळ्यात मारून दाखवा! तिला कुणी पुस्तक दिलेलं नसतं, पण हजारो मासे हाताखालून गेलेले असतात. तुमच्या गटाने वचनं पाठ केली, म्हणजे माशांची नावं पाठ केली. हाताळणं राहिलंय.

हाताळायला फिलिप्पैकरांस पत्र घ्या. ४ अध्याय, १०४ वचनं. मोठ्याने वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतं.

पहिला आठवडा: रोज एकदा, अख्खं पत्र, एका बैठकीत. काहीही अधोरेखित करायचं नाही. आवडीचं वचन अधोरेखित केलं की डोळा तिथेच अडकतो आणि आजूबाजूचं दिसेनासं होतं.

दुसरा आठवडा: वही घ्या. डाव्या पानावर फक्त मजकुरात काय आहे ते. कोण लिहितोय, कुठून, कुणाला, कशाबद्दल आभार मानतोय, कशाची काळजी करतोय. उजव्या पानावर फक्त प्रश्न. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’, ‘यासाठी की’ या शब्दांना गोल करा. पौलाचा युक्तिवाद या सांध्यांवर उभा असतो. ‘म्हणून’ दिसलं की मागे जाऊन कशावरून ते शोधायचं.

तिसरा आठवडा सर्वांत त्रासाचा. प्रत्येक परिच्छेदाचा आशय एका वाक्यात लिहा, पण कृपा, तारण, अभिषेक, आशीर्वाद, गौरव हे शब्द न वापरता. चर्चची भाषा काढून घेतली की आपल्याला काय कळलंय आणि आपण नुसतं काय उच्चारत होतो, ते उघडं पडतं. वाक्य जमलं नाही तर तो परिच्छेद कळलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. लाजायचं कारण नाही.

चौथ्या आठवड्यात ४:१३ ला या. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो’ हे वचन परीक्षेच्या हॉलतिकिटावर लिहिलेलं असतं, टेम्पोच्या काचेवर असतं. आता ११ आणि १२ वाचा. पौल बंदिवासात आहे (१:१३), आणि म्हणतोय की भूक असो की भरपूर असो, दोन्हींत राहायला मी शिकलोय. ‘सर्व काही’ म्हणजे या दोन्ही अवस्था सोसणं. नापास झालेल्या, धंदा बुडालेल्या माणसाला हेच वचन जास्त लागू पडतं, आणि त्यालाच ते कुणी पाठवत नाही.

गाडी हमखास घसरते ती ‘हे मला काय सांगतं’ इथे पहिल्याच मिनिटाला उडी मारल्याने. ‘त्यांना काय सांगितलं’ हे लिहून होईपर्यंत ‘मला’ हा शब्द वहीत येऊ देऊ नका. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक पुस्तक एकाच पद्धतीने वाचणं. नीतिसूत्रे २६:४ सांगतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच २६:५ सांगतं की दे. दोन्ही शेजारी शेजारी, आणि ते नजरचुकीने नाही. सुभाषित कुठल्या प्रसंगाला कुठलं, ते ओळखणं हेच तिथे शहाणपण. २२:६ मध्ये मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण देण्याबद्दल आहे, ते सुद्धा सर्वसाधारण निरीक्षण आहे, हमीपत्र नव्हे. हमीपत्र समजून वाचलं की ज्यांचा मुलगा वाट चुकला त्या आईबापांच्या डोक्यावर आपण धोंडा ठेवतो.

आणि अर्थ लागल्यावर शेवटी एक ओळ लिहायचीच: ‘माझा हा अर्थ चुकीचा ठरायचा असेल तर मजकुरात काय सापडायला हवं?’ मग ते शोधायला बसा. बिरुयाच्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं (कृत्ये १७:११), आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, मोठ्या मनाचे म्हणतो.

---

मिठागर

भविष्यवाणीचं सांगतो. १ थेस्सल ५:२०-२१ मध्ये दोन वाक्यं लागोपाठ आहेत: संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सर्व गोष्टींची पारख करा. तुमच्या गटातले अर्धे पहिलं वाक्य वाचत असणार आणि अर्धे दुसरं.

पारखायचं कशावर? अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) १८:२२, सांगितलेलं घडलं नाही तर तो संदेश परमेश्वराचा नव्हे. अनुवाद १३:१-३ याच्या पुढे जातं: सांगितलेलं चिन्ह खरं ठरलं, पण तो माणूस तुम्हाला देवापासून दूर नेतोय, तरीही ऐकू नका. म्हणजे ‘अहो, त्यांचं खरं ठरलं होतं’ हा पुरावा अपुरा. आणि १ करिंथ १४:२९, दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी त्याचं परीक्षण करावं. ज्या सभेत परीक्षण करणाऱ्यालाच ‘अविश्वासू’ म्हणतात, तिथे पौलाची अट मोडलेली आहे, मग बोलणारा कितीही नामांकित असो.

पण या विषयावर खरी शिकवणी यिर्मया २८ मध्ये आहे, आणि ती फार कमी वेळा सांगितली जाते. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल आणि मंदिराची पात्रं परत येतील. यिर्मया काय म्हणतो? ‘आमेन, परमेश्वर असंच करो.’ बातमी चांगली आहे, ती खरी ठरावी असं त्यालाही वाटतं. मग तो आठवण देतो की शांतीचा संदेश देणारा खरा की खोटा, ते संदेश घडल्यावर कळतं. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं लाकडी जू हनन्या काढून मोडतो. आणि यिर्मया निघून जातो. तिथल्या तिथे उत्तर देत नाही. नंतर संदेश मिळाल्यावर परत येऊन बोलतो. लोकांसमोर अपमान झाल्यावर गप्प निघून जाणं, हा माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सर्वांत प्रौढ क्षण.

त्याच्या पुढचाच अध्याय २९. भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं ते ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत’ हे वचन तिथलं, ११ वं. त्याच्या अगोदरचं १० वं वचन वाचा: ७० वर्षं. दोन नाही, सत्तर. झटपट सुटकेची आशा दाखवणाऱ्यांना उत्तर म्हणून आलेलं वचन आपण झटपट सुटकेसाठी वापरतो. तुमच्या ‘दोन महिन्यांत दार उघडेल’च्या खाली हेच वचन छापलेलं नसलं तर मला आश्चर्य वाटेल.

आता क्यूआर कोड. ‘जो हात राखून पेरतो’ हे २ करिंथ ९:६ मधलं. अध्याय ८ आणि ९ सलग वाचा. पौल कशासाठी गोळा करतोय? यरुशलेमच्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी. स्वतःच्या खर्चासाठी नव्हे, आणि देणाऱ्याच्या घरी गाडी यावी म्हणूनही नव्हे. आणि ८:१८-२१ मध्ये तो रक्कम एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. प्रेषिताला हिशेबाची गरज वाटली, मग आजच्या उपदेशकाला का वाटू नये? पैसे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा: खातं संस्थेचं की व्यक्तीचं, पावती मिळते का, आणि ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक काय. महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला लेखापरीक्षण करावं लागतं, त्यामुळे हिशेब मागणं हा अविश्वास नव्हे, रीत आहे. उत्तराऐवजी शाप किंवा धमकी आली तर तुमचं काम तिथेच सोपं झालं.

व्हिडिओबाबत एवढंच: तीस सेकंदांचा तुकडा असेल तर पूर्ण भाषण मिळाल्याशिवाय मत बनवायचं नाही, ना बाजूने ना विरोधात. नीतिसूत्रे १८:१७ प्रमाणे पहिला बोलणारा नेहमीच खरा वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगतो, कारण याच सभांत ते ऐकू येतं. प्रार्थना झाली म्हणून रक्तदाबाची गोळी किंवा इन्सुलिन बंद करणं हे विश्वासाचं लक्षण नाही. पावसात ताप आला तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे का, हे तपासायला सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी जायचं. याकोब ५:१४ मध्ये वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, औषध सोडायला नाही. पौल लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो (कलस्सै ४:१४), आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. बरं झालो असं वाटत असेल तर डॉक्टरांनी तपासून डोस कमी करावा. चमत्कार खरा असेल तर तपासणीने त्याचं काही बिघडत नाही.

---

खाडीकाठ

यिर्मया निघून गेला हे कधी लक्षातच आलं नव्हतं. वही उद्याच आणतो. ताटाचं कुणी सांगेल का? चतुर्थी जवळ आली की आमच्यात भांडण ठरलेलं.

---

सुरंगी

हा प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना आहे आणि तोही बंदराच्या गावातला. करिंथला दोन बाजूंना दोन बंदरं, लेखियन आणि किंख्रिया. नाना देशींची माणसं, नाना देवळं, बाजारातलं बरंचसं मांस देवळातून आलेलं. पौल तिथे दीड वर्ष राहिला (कृत्ये १८:११), म्हणून १ करिंथ ८ ते १० मध्ये त्याचं उत्तर इतकं बारकाईने येतं. आपण ‘खा’ किंवा ‘खाऊ नका’ असं एका शब्दात मागतो. तो तीन जागा वेगळ्या करतो.

पहिली जागा, पूजेची पंगत. १०:१४-२२. तिथे तो स्पष्ट नाही म्हणतो, कारण प्रभूच्या मेजावर बसणं आणि दुसऱ्या उपासनेत भागी होणं एकत्र चालत नाही. खाणं हा तिथे उपासनेचाच भाग आहे.

दुसरी, बाजार. १०:२५. दुकानात मिळतं ते विवेकासाठी चौकशी न करता खा. मिठाईवाल्याकडून पेढे घेताना ‘हे कुठे ठेवले होते का’ विचारत बसू नका.

तिसरी, शेजाऱ्याचं घर. १०:२७. बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. पण २८ मध्ये एक कलाटणी आहे: कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका. कुणासाठी? २९ म्हणतं, तुमच्या नव्हे, त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. पदार्थ तोच, ताट तेच. बदललं ते फक्त खाण्याचा समोरच्याच्या मनात लागणारा अर्थ.

आता कोकणातली चतुर्थी घ्या. आरतीनंतर हातावर ठेवलेला प्रसाद पहिल्या जागेच्या जवळ जातो, कारण देणारा आणि घेणारा दोघेही त्याला पूजेचा भाग समजतात. दुपारी ‘जेवायला ये’ म्हणून बोलावलं आणि पानात उसळ, वडे, भाजी आली, ही तिसरी जागा. डब्यातून संध्याकाळी आलेल्या करंज्या मधल्या. तिथे विचारायचे प्रश्न दोन. काकी त्या शेजारधर्म म्हणून देतायत की नैवेद्य म्हणून सांगून देतायत? आणि माझ्या घरात नुकताच विश्वासात आलेला कुणी आहे का, जो मला खाताना पाहून गोंधळेल? ८:९-१३ सगळं या दुसऱ्या प्रश्नावर आहे. मूर्ती काही नाही हे ज्ञान खरं, तरी पौल म्हणतो की ज्ञान फुगवतं आणि प्रेम उभारणी करतं (८:१).

नाही म्हणायचं असेल तर शब्द आधी जुळवून ठेवा. ऐनवेळी तोंडून तुसडंच निघतं. ‘काकी, जेवायला नक्की येतो. आरतीला उभं राहणं तेवढं मला जमायचं नाही, मनात काही धरू नका.’ एवढं पुरे. तिथे धर्मावर प्रवचन नको. इफिसात दंगल झाली तेव्हा शहराच्या चिटणीसानेच लोकांना सांगितलं की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (कृत्ये १९:३७). पौल त्या शहरात मोठा काळ राहिला, उघडपणे शिकवलं, आणि तरी सरकारी माणूस ही साक्ष देतो. तुमच्याबद्दल वाडीतल्या गावकऱ्याने हीच साक्ष द्यावी, एवढं बघा.

शिमग्याच्या वर्गणीचं पण हेच. कशासाठी, ते विचारा. वाडीचे दिवे, पाणी, रस्त्याची सफाई यांचा खर्च वेगळा सांगत असतील तर तो द्या, मोकळ्या हाताने द्या. बाकीचं नम्रपणे सोडा.

---

जुनी_बखार

सुरंगीताई, मांडणी पटली, पण एक बाजू राहिली. कृत्ये १५:२९ मध्ये यरुशलेमच्या परिषदेने मूर्तींना अर्पिलेल्या पदार्थांपासून दूर राहायला सांगितलंय, आणि प्रकटीकरण २:१४ व २:२० मध्ये तसं खाऊ घालणाऱ्यांना दोष दिलाय. म्हणून काही मंडळ्या सरसकट नको म्हणतात. त्यांना अडाणी ठरवू नका, त्यांच्याकडेही वचनं आहेत. (माझं मत विचाराल तर या ठिकाणी रोख पूजेच्या पंगतीवर आणि तिच्यासोबत येणाऱ्या व्यभिचारावर आहे, म्हणून करिंथच्या पत्राशी विरोध येत नाही. पण हा अर्थ लावावा लागतो, तो आयता लिहिलेला नाही.)

रोम १४:३ इथे कामाचं. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. पौलाने दोघांचे आजार वेगळे ओळखलेत. ज्याला मोकळीक कळली त्याला तुच्छतेची बाधा होते, ज्याने नियम धरला त्याला न्यायाधीश व्हायची. गटात कोण कुठल्या आजाराचा, ते ज्याचं त्याने तपासावं.

धोक्याची सूचना वेगळीच. महिनाभर वही भरली की पोरांना पाळकांच्या उपदेशातल्या चुका मोजायची चटक लागते. तो प्रौढपणा नव्हे. हापूस बघा, बाहेरून केशरी, वासही छान, आणि कापला की आत पांढरा साका, म्हणजे खराब झालेला गर! साका वरून दिसत नाही, हीच त्याची खोड. कापायची सुरी म्हणजे ही: ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं म्हणणं त्याच्यासमोर मांडायचं, आणि त्याने ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं म्हटल्याशिवाय खोडायला तोंड उघडायचं नाही. ताटाच्या वादात दोन्ही तटांना एक बैठक उलटी घ्यायला लावा. खाणाऱ्यांनी न खाण्याची बाजू मांडायची आणि उलट. दीड तास ठेवा, त्याहून लांबवू नका. प्रत्येकाला दोन मिनिटं आधी, आणि सर्वांत जास्त बोलणारा सर्वांत शेवटी.

---

चॅपलमागची_वाट

कॅथलिक बाजूने नोकरीच्या प्रश्नावर लिहितो, कारण निर्णय घेण्याची तयार पद्धत आमच्याकडे जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याच्याकडून आलेली आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि तो अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शौर्याच्या, राजदरबाराच्या कल्पना रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं जगण्याचा विचार केला तर नंतरही प्रसन्नता टिकते. विचार येताना कसा वाटला यापेक्षा गेल्यावर मागे काय ठेवून गेला, हे बघायला तो तिथून शिकला.

तुमच्या मित्रासाठी आधी प्रार्थनेच्या अगोदरचं काम. पगार हातात किती, खोलीचं भाडं किती, आईला कुठलं दुखणं आहे, रात्री-अपरात्री तिला कोण बघेल, मोहोर आला की फवारणी कोण करेल, कलमं कराराने देता येतील का, सुट्टी कधी मिळेल. हे आकडे आणि नावं कागदावर नसतील तर ‘देवाची इच्छा’ शोधणं म्हणजे गृहपाठ न करता निकाल मागणं. संत थॉमस अक्वायनस शहाणपणाच्या तीन पायऱ्या सांगतो: विचारविनिमय, निवाडा आणि अंमल. बहुतेक माणसं पहिल्यातच आळस करतात आणि काही जण तिसरीवर कधी येतच नाहीत.

मग चार रकाने. जाण्याचे फायदे, जाण्याचे तोटे, राहण्याचे फायदे, राहण्याचे तोटे. दोनच रकाने केले तर ‘न जाणं’ हाही एक निर्णय आहे आणि त्यालाही किंमत आहे, हे लपून राहतं. रकाने भरल्यावर मोजायची ती संख्या नव्हे, कुठलं कारण जड ते. ‘मित्र सगळे गेले’ आणि ‘आईला रात्री दम लागतो’ या दोन ओळी सारख्या वजनाच्या नाहीत.

त्यानंतर इग्नेशियस तीन कल्पना करायला लावतो. अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगशील? मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना काय निवडलं असतं तर बरं वाटेल? न्यायाच्या दिवशी? पहिली कल्पना सर्वांत लवकर काम करते. दुसऱ्याला सल्ला देताना आपली हाव आणि भीती बाजूला सरकते.

कोरड्या दिवसांत, म्हणजे मन खचलेलं, प्रार्थना नकोशी झालेली, अशा वेळी आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा त्याचा पक्का नियम. बरे दिवस आल्यावर बदला हवा तर. रोज रात्री पंधरा मिनिटं आत्मपरीक्षण: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, चुकलं त्याबद्दल क्षमा, उद्याचा निश्चय. दोन-तीन आठवडे यात जाण्याचा आणि राहण्याचा विचार मागे काय ठेवून जातो, ते एका ओळीत लिहीत जायचं.

दोन सापळे आहेत. एक, ‘मी प्रभूच्या सेवेसाठी शहरात चाललो’ म्हणून आईची जबाबदारी झटकणं. मार्क ७:९-१३ मध्ये ‘कुर्बान’ (हे देवाला अर्पण केलंय) म्हणत आईबापांना टाळणाऱ्यांना येशूने नेमकं तिथेच पकडलंय. दुसरा सापळा उलट बाजूचा: आईच्या नावाखाली स्वतःची भीती लपवणं. आईलाच विचारलंय का, ते आधी बघा. कित्येकदा तिचं उत्तर मुलाने मनात ठरवलेल्या उत्तराहून वेगळं निघतं. आणि मिठागर यांनी सांगितलेल्या यिर्मया २९ च्या पत्रात परक्या शहरात घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं मागा, असंही आहे (५-७). ते चाकरमान्याला जाण्याची परवानगी म्हणून वापरू नका, तो बंदिवानांना दिलेला संदेश होता. पण गेलाच, तर तिथे कसं राहायचं याला तो उपयोगी पडेल.

कंपनीला उत्तर द्यायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तिच्या चार दिवस आधी ठरवा आणि ते चार दिवस नुसतं ठरलेलं घेऊन राहा. अस्वस्थता आली तर ती कशाची, तेवढं तपासा.

---

खाडीकाठ

देव बरें करूं सगळ्यांचं. शेवटचा प्रश्न, वहीच्या कामाला भाषांतर कुठलं धरू? आमच्यात अर्धे जण इंग्रजी अ‍ॅपवर वाचतात.

---

कातळ

दोन मराठी समोरासमोर ठेवा. बायबल सोसायटीचं नेहमीचं, आणि जोडीला पंडिता रमाबाईंचं. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून आलं. शब्द जिथे वेगळे पडतात तिथे पेन्सिलने खूण करा, प्रश्न तिथेच दडलेला असतो. कॅथलिक मित्र असतील तर त्यांच्या प्रतीत ७३ पुस्तकं असतात, तुमच्यात ६६. त्यावर पहिल्या बैठकीतच वाद काढू नका. फा. फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ मिळालं तर तिसरं म्हणून ठेवा.

इंग्रजी चालेल, पण वहीतलं वाक्य मराठीत लिहायचं. इंग्रजी शब्द तसाच उचलला की कळल्यासारखं वाटतं. ‘ग्रेस’ म्हणजे काय, हे आजीला कळेल असं सांगायला बसलं की पेन थांबतं.

वही शंभर पानी घ्या, दोनशे पानी नको. जाड वही पाहून दुसऱ्या आठवड्यात निम्मे गळतात.